गवताखालचं पाणी

सांगली,
१२ जुलै

प्रिय बंड्या,

तुझं पत्र काल मिळालं. गणपतीच्या आत अंगणात प्लास्टिकचं हिरवंगार लॉन टाकायचं, मुंबईच्या मंडळींची पोरं चिखलात बरबटायला नकोत, सगळं वाचलं. माणूस बघून गेला, दर ठरला, फक्त ॲडव्हान्स द्यायचा राहिलाय म्हणतोस. देऊ नकोस. निदान हे पत्र वाचून होईपर्यंत तरी.

माझं लॉन दोन वर्षांपूर्वी फोटोत बघून तू "झकास" म्हणाला होतास. त्यानंतरचे फोटो मी पाठवलेच नाहीत.

आमच्या परसात आंब्याची सावली इतकी दाट, की तिथं साधी हरळी तग धरत नाही. आई त्या चिखलात दोनदा घसरली, म्हणून हा खटाटोप. बसवणाऱ्यानं एका दिवसात काम उरकलं. काळ्या मातीवर दोन इंच कच, म्हणजे दगडाचा भुगा, पसरली, धुम्मस मारली, वर गालिचा अंथरला. पाण्याचं विचारलं तर म्हणाला, "साहेब, शीटला भोकं असत्यात की. पाणी खाली जातंय." ते खरंच. खाली जाऊन पुढं कुठं जातं, एवढं मात्र मी विचारलं नाही.

कुठंच जात नव्हतं. इथली माती तुला काय सांगायची? उन्हाळ्यात शाळेच्या मैदानावरच्या भेगांत आपल्या गोट्या गडप व्हायच्या. तीच माती पावसात फुगते आणि वरचं पाणी खाली सोडायचं नाव घेत नाही. जुलैत लॉनवर पाय ठेवला की पचक् करून घोट्यापर्यंत पाणी. मग डास, मग कुबट वास, आणि ऑगस्टात आईच्या खोलीच्या भिंतीला हातभर ओल. शेवटी मीच सुरी घेऊन ते कापलं आणि गुंडाळ्या करून गॅरेजमध्ये टाकल्या. बायको काही बोलली नाही. त्याचंच जास्त लागलं.

पुढच्या पावसाळ्यात नवीन काही घातलं नाही. नुसता छत्री घेऊन परसात उभा राहायचो. शेजाऱ्यांना वाटलं, रिटायर झाल्यावर याचं जरा बिनसलं. पण त्या उभं राहण्यानं दोन गोष्टी कळल्या. एक म्हणजे आमच्यापुढचा रस्ता. दर वेळी जुनं न खरवडता वर नवं डांबर, असं करत करत तो आमच्या अंगणापेक्षा आठ इंच वर गेलाय. वडिलांनी घर बांधलं तेव्हा पाणी आपसूक गटारात जायचं, आता ते उलटं आत येतं. दुसरी गोष्ट गच्चीची. तिचा पाईप थेट परसात सुटलेला. कागदावर हिशेब केला. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे चौरस मीटरला एक लिटर. परस ६०० चौरस फूट, म्हणजे दोन तासांत ५० मिलिमीटर पाऊस पडला तर साधारण २,८०० लिटर. गच्ची १,००० चौरस फूट, तिचे ४,६०० लिटर. दोन तासांत परसात दीड टँकर ओतायचा आणि दोष गवताला द्यायचा!

गच्चीचा इलाज सोपा निघाला. ते पाणी मुळात उंचावर असतं, त्याला जमिनीवर उतरूच कशाला द्यायचं? भिंतीला क्लॅम्प मारून चार इंची पाईप पुढं नेला आणि थेट गटारात सोडला. अर्ध्याहून जास्त दुखणं तिथंच संपलं.

उरलेल्यासाठी भाच्यानं शोषखड्डा सुचवला. मी आधी फूटभर खड्डा खणून पाण्यानं भरला. जिरल्यावर परत भरला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो निम्मा तसाच. म्हणजे इथं शोषखड्डा केला असता तर त्याचा हौद झाला असता.

मग यंदा एप्रिलमध्ये नऊ इंच माती काढली, आंब्याच्या बुंध्याभोवतीची सोडून. गवंड्यानं लेव्हल ट्यूब, म्हणजे पाणी भरलेली पारदर्शक नळी, लावून तळालाच ढाळ दिला, जोत्यापासून लांब, तीस फुटांत साडेतीन इंच. हे तळाला बरं का. वरच्या थरात ढाळ देऊन उपयोग नाही, पाणी तळावरून चालतं. त्यावर जिओटेक्स्टाईलचं कापड, म्हणजे माती खडीत मिसळत नाही. मधोमध चरात भोकांचा पाईप. गवंडी म्हणे, भोकं वर ठेवू, पाणी वरून येतं ना! दहा मिनिटं वाद झाला. भोकं खालीच हवीत. पाणी चरात खालून चढतं आणि पाईपात शिरतं, आणि वरून गाळ पडून पाईप तुंबत नाही. मग सहा इंच खडी, वर धुतलेली ग्रिट, म्हणजे बारीक खडी. कच नाही, तिच्या भुकटीचा पावसात थर बसतो.

खडीचा एक फायदा मला नंतर उमगला. दगडादगडांमधली पोकळी धरली तर त्या सहा इंचांत तीनेक हजार लिटर पाणी मावतं. पाईप कोपऱ्यातल्या चेंबरला जातो, तिथून छोटा पंप पाणी रस्त्यावरच्या गटारात फेकतो. पाऊस आला की वीज जाणार, हे ठरलेलंच. पण तासभर पंप बंद पडला तरी पाणी खडीच्या पोटात थांबतं, गवतापर्यंत चढत नाही. गॅरेजमधल्या त्याच गुंडाळ्या धुऊन परत अंथरल्या. जोड दिसतात. दिसू देत.

आता तुझं. तुझ्याकडे काळी माती नाही, पण तू म्हणतोस तसं फूटभर मातीखाली जांभ्याचा कातळ असेल, तर बरंचसं पाणी त्यावरूनच वाहणार. शिवाय रत्नागिरीचा पाऊस आमच्या कितीतरी पट! वरच्या बागेतलं पाणी दगडी गडग्यातून झिरपत अंगणात येतं का ते बघ. येत असेल तर गडग्याच्या कडेनं आधी चर खण, बाकीचं नंतर. आणि कौलांच्या पागोळ्या! त्या जिथं पडतात तिथं लॉन घातलंस तर आठ दिवसांत त्याच्या पात्यांत भरलेली वाळू उडून झाडांच्या मुळाशी जाईल. एकतर पन्हळ लाव, नाहीतर त्या रेषेखाली दोन फूट रुंद जांभ्याच्या चिऱ्यांची पट्टी ठेव. शेवाळ तरीही धरेल, ते घासायची तयारी ठेव.

म्हणून यंदा चतुर्थीला पोरांना चिखलात खेळू दे. तू या पावसात फक्त बघ. जिथं पाणी साचेल तिथं खुंट्या ठोक, जिथून येईल तिथं दगड ठेव. काम दिवाळीनंतर. मी डिसेंबरात चार दिवस येतो, लेव्हल ट्यूब माझ्याकडे आहे.

वहिनींना नमस्कार, काकूंना साष्टांग.

तुझा,
अण्णा

ता. क. आईनं तुला सांगायला सांगितलंय, की एप्रिलमध्ये दुपारी असल्या गवतावर ऊन पडतं तिथं अनवाणी जायचं नाही, तळवे भाजतात. ती आता संध्याकाळी पाणी मारून मगच खुर्ची टाकते.