अकरा जणांचं जॉइनिंग

मये, डिचोली

चिरंजीव बाबू यास अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू खुशीत होतास आणि आई शेजारीच उभी होती, म्हणून मी काही बोललो नाही. एजन्सीने तुम्हा अकरा जणांना एकाच जहाजावर एकदम जॉइनिंग दिलं, नशीब उघडलं म्हणालास. तो अकराचा आकडा रात्रभर माझ्या डोक्यातून गेला नाही.

जहाजावर माणसं बदलतात ती दोन-चार करून. जुना नव्याला सगळं दाखवतो, कुठला दोर घासलाय, कुठला पंप रडतो ते सांगतो आणि मग उतरतो. एका दिवसात अकरा जागा रिकाम्या कशा झाल्या? जहाज नवं असेल, विकलं गेलं असेल, तसंही होतं. पण तू विचारलंस का? उतरलेली माणसं घरी गेली की घालवली गेली?

तू बारावीला होतास तेव्हाची गोष्ट असेल, 17 मार्च 2022. इंग्लंडमधल्या पी अँड ओ फेरीज कंपनीने सगळी जहाजं बंदरात उभी करायला लावली आणि 786 खलाशांना, आधी रेकॉर्ड करून ठेवलेला व्हिडिओ दाखवून सांगितलं की आजचा तुमचा शेवटचा दिवस. बदली माणसं एजन्सीने आधीच तयार ठेवली होती. हल बंदरात एका कॅप्टनने शिडी वर ओढून घेतली आणि कुणाला आत येऊ दिलं नाही. पी अँड ओ हे नाव गोव्यात जुनं. त्या नावाच्या बोटींवर आपले तारवटी, म्हणजे गोव्याचे खलाशी, पिढ्यान्‌पिढ्या गेले, म्हणून मी तेव्हा पेपरमधली एकेक ओळ वाचली होती.

नव्या माणसांना सरासरी ताशी साडेपाच पौंड मिळणार होते. तिथला किमान वेतनाचा दर तेव्हा 8.91 पौंड होता. जहाजांवर परदेशी झेंडा आणि फेरी दोन देशांमधली, म्हणून तो दर लागू होत नव्हता. आठवड्याभरात कंपनीच्या मुख्याधिकाऱ्याने खासदारांसमोर कबूल केलं की कायद्याने युनियनशी बोलणं भाग होतं, आम्ही मुद्दाम बोललो नाही, कारण कुठल्याच युनियनने हे मान्य केलं नसतं. 2024 मध्ये त्यालाच विचारलं, ताशी 4.87 पौंडांत तुम्ही जगू शकाल का? नाही म्हणाला. फौजदारी खटला मात्र झाला नाही. खलाशांच्या वेतनाचा वेगळा कायदा तिथे 2023 साली केला, तोवर ती माणसं घरी बसून वर्ष झालं होतं.

आणि नवी माणसं घेऊन जहाजं सुरू करायला गेले तर लार्न बंदरात एक फेरी तपासणीत अडकवली. कारणांत एक हे होतं की खलाशांना जहाजाची ओळखच नव्हती. ओळख करून देणार कोण? दाखवणारे सगळे उतरवलेले. ती नवी माणसंसुद्धा पोटासाठीच आली होती, त्यांना मी दोष देत नाही. दोष द्यायला माझं तोंडही नाही. ते का, हे मी तुला कधी सांगितलेलं नाही.

2012 च्या सप्टेंबरात गोव्यातल्या खाणी बंद झाल्या तेव्हा मी खनिज वाहणाऱ्या बार्जवर होतो. सारमानसला माल भरायचा, मांडवीतून मुरगावला जायचं. पावसात आग्वादच्या तोंडाशी समुद्र खवळला की कुंभारजुव्याच्या खाडीने जुवारीत उतरायचं. ते पाणी मला अंगणासारखं होतं. मालकाने काही महिने अर्धा पगार दिला, मग आम्हा सगळ्यांना हिशेब करून घरी पाठवलं.

2015 मध्ये काम पुन्हा सुरू झालं. तीच बार्ज, तोच मालक, पण आता भरती ठेकेदारातर्फे. तेव्हाच्या कामगार कायद्यात 25-एच म्हणून कलम होतं. कमी केलेल्या कामगारांना, पुन्हा भरती करताना पहिली संधी द्यायची. मधे ठेकेदार उभा केला की मालक म्हणतो, भरती मी करतोच कुठे? हे सगळं मला आमच्यातल्याच एकाने समजावलं होतं. आमोणे गावचा, माझ्याबरोबर सोळा वर्षं सुकाणूवर. तोच लेबर ऑफिसात अर्ज घेऊन गेला होता, आमच्या सगळ्यांच्या सह्यांचा. माझीही सही होती.

ठेकेदाराचा फोन मला आला. त्याला आला नाही. का आला नाही ते मला माहीत होतं. तुझी शाळेची फी थकली होती, आईच्या बांगड्या सोसायटीत गहाण होत्या. मी गेलो. पगार आधीच्या दोन तृतीयांश, पीएफ नाही. मला त्याचाच बंक मिळाला. उशाशी त्याने चिकटवलेला लईराई देवीचा फोटो तसाच होता. तो मी काढला नाही, आणि त्याच्याकडे पाय करून कधी झोपलोही नाही.

पुढच्या वर्षी शिरगावच्या जत्रेत तो भेटला. धोंडांच्या, म्हणजे लईराईच्या व्रतस्थ भक्तांच्या, घोळक्यातून माझ्याकडे आला. मला वाटलं, शिवी देईल. त्याने विचारलं, "आपली बार्ज बरी चालते मरे?" मी हो म्हणालो. आपली म्हणाला तो, बाबू.

2018 च्या मार्चमध्ये सगळं पुन्हा थांबलं. त्या वेळी हिशेबही मिळाला नाही, कारण मी मालकाचा माणूस नव्हतो आणि ठेकेदार फोन उचलत नव्हता.

तू जाऊ नकोस असं मी म्हणत नाही. पण सही करण्याआधी विचार. आधीचा क्रू का उतरला, आणि त्यांचा पगार काय होता. करारावर युनियनचा करार लागू आहे का. एजन्सी जॉइनिंगसाठी तुझ्याकडे पैसे मागत असेल तर तिथूनच उठ, खलाशाकडून असे पैसे घ्यायला बंदी आहे. उत्तर मिळालं नाही किंवा पटलं नाही तर घरी ये. मला स्कूलबसच्या कामाचे पैसे नियमित मिळतात, यंदा काजूही बरा आहे. दोन-चार महिने तू घरी असलास म्हणून चूल थांबणार नाही.

आज सकाळी मी आमोण्याला जाऊन आलो. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्याच्या घरी गेलो. तू व्हॉट्सॲपवर पाठवलेला कराराचा फोटो त्याला दाखवला. चष्मा लावून त्याने दोन्ही पानं शेवटपर्यंत वाचली, मग एजन्सीचा आरपीएसएल नंबर, म्हणजे खलाशी भरतीच्या सरकारी परवान्याचा नंबर, शोधू लागला. फोटोत तो भाग अंधुक आलाय. उजेडात धरून परत काढ आणि आज रात्रीपर्यंत पाठव. तो वाट बघतोय.

तुझा,
बाबा