पाटी वाचता येते म्हणून डोळ्याचा पडदा ठीक असतोच असं नाही

कोल्हापूर

प्रिय संभा,

सप्रेम नमस्कार.

तुझे रिपोर्ट पाहिले. साखर उपाशीपोटी १८२, जेवणानंतर २७०, एचबीएवनसी, म्हणजे साधारण तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज, ९.४. आणि खाली तू लिहिलंयस, "डोळ्यांचं काही नाही, लांबून एसटीची पाटी वाचतो." त्या एका वाक्यासाठीच हे मोठं पत्र. पाटी वाचता येते म्हणजे डोळ्याच्या आतल्या पडद्याचा (रेटिनाचा) मधला इवलासा भाग, मॅक्युला, काम करतोय. बाकीच्या पडद्याची काय अवस्था आहे ते पाटीवरून कळत नाही. मधुमेहात पडदा बिघडायला लागतो तेव्हा नजर बहुधा शाबूतच असते.

रक्तातली साखर डोळ्यात जाऊन नेमकं करते काय, असं तू विचारलंस. स्नायूच्या पेशीत साखर शिरायला इन्सुलिन लागतं. पडद्याच्या केशवाहिन्यांच्या, म्हणजे अगदी बारीक रक्तवाहिन्यांच्या, पेशींना ते लागत नाही. तिथे ग्लूट-१ नावाच्या प्रथिनाची वाट कायम उघडी असते, त्यामुळे रक्तात साखर चढली की पेशीतही चढते. मग ही जादा साखर आल्डोज रिडक्टेज हे विकर (एन्झाइम) सॉर्बिटॉल नावाच्या पदार्थात बदलायला लागतं आणि त्यात एनएडीपीएच हा पेशीतला मदतनीस रेणू खर्ची पडतो. पेशीला ऑक्सिजनच्या मारक रेणूंपासून वाचवणारं ग्लुटाथायोन कामावर ठेवायलाही हेच एनएडीपीएच लागतं. म्हणजे संरक्षण कमी पडतं, आणि त्याच वेळी जादा इंधनामुळे मायटोकॉन्ड्रियात, म्हणजे पेशीच्या ऊर्जाघरात, मारक रेणू वाढतात. साखर प्रथिनांना चिकटून बसते ते वेगळंच. त्यानं केशवाहिनीचं अस्तर जाड होत जातं.

यात लवकर मरते ती पेरिसाइट ही पेशी. ती केशवाहिनीला बाहेरून मिठी मारून बसलेली असते आणि भिंतीला आधार देते. शरीरात इतरत्र या पेशी विरळ असतात. पडद्यात मात्र वाहिनीच्या जवळजवळ प्रत्येक पेशीमागे एक पेरिसाइट असते, इतका हा भाग नाजूक. ती गेली की तेवढ्या जागी भिंत दुबळी होते आणि जुन्या सायकलच्या ट्यूबला यावा तसा फुगा येतो. तपासताना आधी दिसतो तो हा बारीक लाल ठिपका, मायक्रोअॅन्युरिझम. पडद्यातल्या मज्जापेशीही (नर्व्ह सेल) याच काळात, कधी त्याच्याही आधी, सोसत असतात.

पुढे दोन वाटा. फुग्यातून पाणी आणि चरबी झिरपते, पिवळे डाग पडतात. हे मॅक्युलापाशी झालं की सूज येते, अक्षरं वाकडी किंवा मधोमध धूसर दिसतात. दुसरी वाट म्हणजे केशवाहिन्या बंद पडतात. ऑक्सिजनला मुकलेला पडदा व्हीईजीएफ नावाचं प्रथिन सोडतो आणि नव्या वाहिन्या फुटतात. पण त्या कच्च्या. त्या फुटल्या की डोळ्यात रक्त उतरतं, समोर काळी जाळी तरंगते. त्यांच्याभोवती तयार झालेले पापुद्रे आखडले तर पडदाच ओढून सुटतो. इथवर दुखणं काहीच नसतं, म्हणून माणूस उशिरा येतो.

आता गुळाचं. साखर सोडून गुळाचा चहा सुरू केलास, हे वाचून वाईट वाटलं. आपला गूळ जगात भारी असला तरी त्यात बहुतांश सुक्रोजच आहे. काकवी आणि उसाचा रसही तसाच. रक्तातली साखर गुळानं चढली की साखरेनं, हे त्या पेशींना कळत नाही. तांबडा रस्सा खुशाल खा, तिखटानं पडदा बिघडत नाही. मीठ मात्र जपून. तुझं ब्लड प्रेशर १५० च्या पुढे आहे आणि दाब पडद्याचं नुकसान वाढवतो. १९९८ च्या ब्रिटिश यूकेपीडीएस अभ्यासात दाब काटेकोर ठेवलेल्यांचा पडदा बिघडत जाण्याचं प्रमाण ३४ टक्क्यांनी कमी होतं. साखरेचा पुरावाही भक्कम आहे. १९९३ च्या डीसीसीटी या अभ्यासात, टाइप १ मधुमेहाच्या रुग्णांत, साखर कडक सांभाळल्यावर पडदा बिघडायला सुरुवात होण्याचा धोका ७६ टक्क्यांनी घटला. अभ्यास संपल्यावर दोन्ही गटांची साखर जवळपास सारखी झाली, तरी त्या चांगल्या वर्षांचा फायदा पुढे बरीच वर्षं टिकला. म्हणून आत्ताचे महिने मला महत्त्वाचे वाटतात.

एक बारकी गोष्ट डॉक्टरांशी बोल. आधीच बिघडलेल्या पडद्यात साखर एकदम खाली आणली, विशेषतः इन्सुलिन सुरू करून, तर काही महिने पडदा आणखी बिघडू शकतो. म्हणून उपचार थांबवायचे नाहीत, पण पडदा आधी बघून ठेवायचा. टाइप २ मधुमेहात निदान झालं त्याच वेळी पडद्याची तपासणी, नंतर दरवर्षी, आणि काही सापडलं तर डॉक्टर सांगतील तशी लवकर.

चष्म्याच्या दुकानातला नंबर म्हणजे ही तपासणी नव्हे. आणि साखर वरखाली होत असताना डोळ्यातलं भिंगही फुगतं-आकसतं, नंबर हलतो. साखर काही आठवडे स्थिर राहीपर्यंत नवा चष्मा करू नकोस.

तपासणीत मॅक्युलाला सूज सापडली तर डोळ्यात इंजेक्शन. ऐकून घाबरशील, पण औषध ०.०५ मिली, आणि तेही बुबुळाच्या कडेपासून साडेतीन-चार मिलिमीटरवर, पांढऱ्या भागातून, बधिर करून. सुरुवातीला साधारण दर महिन्याला. दोन घेऊन बरं वाटलं म्हणून सोडलं की सूज परत येते, बहुतेकांचं इथेच चुकतं. नव्या वाहिन्यांसाठी लेसर असतो. तो आहे ती नजर राखण्यासाठी, गेलेली परत आणण्यासाठी नाही, आणि त्यानंतर रात्री थोडं कमी दिसू शकतं. हे आधीच माहीत असलेलं बरं.

सीपीआर या आपल्या सरकारी रुग्णालयात नेत्र विभाग आहे, किंवा तुझ्या ओळखीच्या पडद्याच्या डॉक्टरांकडे जा, पण याच आठवड्यात. दोन्ही डोळ्यांत थेंब घालून बाहुली मोठी करून पडदा तपासून मागायचा. त्यात वीस-तीस मिनिटं जातात, आणि पुढे चार-सहा तास जवळचं धूसर दिसतं, उजेड खुपतो. तेव्हा मोटरसायकल काढू नकोस, धाकट्याला सोबत घे. सोबत जुना चष्मा, गोळ्यांच्या पट्ट्या आणि लघवीतल्या अल्ब्युमिन या प्रथिनाचा रिपोर्ट असू दे. तो केला नसेल तर आधी करून घे, पडदा आणि मूत्रपिंड बहुधा जोडीनं बिघडतात. तपासून आलास की कागदाचा फोटो पाठव, त्यावर काय लिहिलंय ते मी समजावून सांगतो.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
शिरीष