बॉयलर पेटायच्या आत

चि. करुणा हिस,
प्रभू येशूच्या नावात सप्रेम सलाम.

आपल्या चर्चचा कारभार पाहणाऱ्या पास्टोरेट कमिटीने तुला सामाजिक कार्य समितीची निमंत्रक केल्याचं कळलं. कौतुक भेटीत करीन, आधी तुझ्या प्रश्नाचं बोलू. साखर कारखान्यावर ऊसतोड मजुरांच्या टोळ्या आल्या की ब्लँकेटं वाटावीत की नाताळचा फराळ, असं तू विचारलंस. दोन्ही वाटा. उसाच्या रानात थंडी खरीच असते, आणि पोरांना करंज्या आवडतातच. फक्त त्याला न्यायाचं काम म्हणू नका. ब्लँकेट देताना कोणाला काही विचारावं लागत नाही, म्हणून मंडळीला ते सोपं जातं. मजुरी किती ठरली, किती मिळाली, उरलेली कोणाकडे अडकली, हे विचारायला लागलं की लोक अवघडतात. तुझं काम तिथून सुरू होतं.

बायबलातल्या याकोबाच्या पत्राचा पाचवा अध्याय काढ, चौथं वचन. ज्यांनी तुमची शेतं कापली त्यांची तुम्ही अडवून ठेवलेली मजुरी ओरडते आहे, असं तिथे म्हटलंय. जुन्या करारातल्या अनुवाद या पुस्तकाच्या चोविसाव्या अध्यायात तर मुदतसुद्धा घातली आहे: मजुरी त्याच दिवशी, सूर्य मावळायच्या आत, कारण गरिबाचा जीव तिच्यात अडकलेला असतो. कापणीच्या सणाला आपण चर्चमध्ये दोन्ही बाजूंना ऊस बांधतो. तो कोणी तोडला आणि टनाला काय दराने, हा प्रश्न त्या उपासनेबाहेरचा नाही.

पण टोळीवर जायच्या आधी चर्चच्या आवारात एक फेरी मार. झाडलोट करणारे आणि घंटा वाजवणारे काका महिन्याला किती घेतात? "मानधन" या गोड शब्दाखाली बऱ्याच मंडळ्या किमान वेतनाच्या निम्म्यावर माणूस राबवतात. तो आकडा आधी कमिटीपुढे ठेव. दुसरं, आवारातली सेप्टिक टाकी. ती उपसायला माणूस आत उतरवणं २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. पहिल्याच वेळी दोन वर्षांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. टाकीतल्या हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्याचा वास येतो. पण वायू वाढला की नाकाची वास घ्यायची शक्तीच जाते, आणि "आता वास गेला, उतर" म्हणून माणूस उतरतो. तो पडला की त्याला काढायला दुसरा उडी मारतो, म्हणून एकाच टाकीत दोन-तीन मृतदेह सापडतात. सक्शन मशीनचीच गाडी बोलवा. "कोणीतरी पाचशेत करतो" असं कमिटीत कोणी म्हणालं, तर अशा मृत्यूला ३० लाख रुपये भरपाई सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये ठरवली आहे, एवढंच सांग.

आता टोळ्या. कारखान्याचे बॉयलर दिवाळीच्या आगेमागे पेटतात, तेव्हा हंगाम सुरू होतो; पट्टा पडतो, म्हणजे हंगाम संपतो, मार्च-एप्रिलमध्ये. तोडायला येणारी बहुतेक माणसं बीडची, पाथर्डी-शेवगावकडची. नवरा-बायकोच्या जोडीला मिळून एक कोयता म्हणतात. टोळी जमवणाऱ्या मुकादमाने पावसाळ्यातच उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, दिलेली असते. हा हिशेब कागदावर मांडून समितीच्या पहिल्या बैठकीत दाखव, त्यावर वेगळं भाषण करायला नको. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढला. सोयीसाठी टनाला ३६६ रुपये धर. कोयत्याने लाखाची उचल घेतली असेल, तर ती फिटायला २७३ टन ऊस तोडावा लागतो. रोज दोन टन, म्हणजे चांगला हात असेल तर, १३७ दिवस. एकही खाडा, म्हणजे गैरहजेरी, न करता, आणि मधल्या काळात खायला एक पैसा न घेता! प्रत्यक्षात दर आठवड्याला मुकादमाकडून खर्ची, म्हणजे घरखर्चाचे पैसे, घ्यावीच लागते, ताप येतो, गाडी वेळेवर लागत नाही. मग बाकी पुढच्या हंगामावर जाते, आणि माणूस त्याच मुकादमाशी बांधला जातो.

यात बरीचशी लबाडी वजनात आणि खाड्यात होते. गाडी कारखान्याच्या काट्यावर भरलेली तोलतात, मग रिकामी, आणि निव्वळ वजनाची पावती निघते. ती पावती वाहतूकदाराकडून मुकादमाकडे जाते, तोडणाऱ्याच्या हातात येतच नाही. म्हणून प्रत्येक कोयत्याला एक वही द्यायची. रकाने सहा: तारीख, कोणाचं रान, खेप, निव्वळ वजन, त्या दिवशी कामावर किती कोयते, घेतलेली खर्ची. दोन ट्रॉल्यांची खेप १८ टन भरली आणि रानात ९ कोयते होते, तर कोयत्याला दोन टन. खाडा वेगळ्या शाईने लिहा आणि त्याचे किती कापले तेही. वजनाचा आकडा ड्रायव्हरला विचारला तर तो सहसा सांगतो. पावतीचा फोटो मिळाला तर उत्तमच. लिहिणार कोण? टोळीत सातवी-आठवी झालेली एखादी सून नाहीतर पोरगी असतेच, तिलाच द्या. आपल्या तरुण संघाने रोज जाऊन लिहायचं ठरवलं, तर तिसऱ्या आठवड्यात परीक्षा येतात आणि वही कोरी राहते. तुम्ही रविवारी उपासनेनंतर जाऊन फक्त बेरीज तपासा.

रेशनचं काम सगळ्यात लवकर फळ देतं. शिधापत्रिका बीडची असली तरी धान्य इथल्या दुकानात मिळतं. प्राधान्य गटात माणशी महिन्याला ५ किलो, पाच जणांच्या घराला २५. घरी राहिलेल्या म्हाताऱ्यांनी आपला वाटा तिकडे उचलला, तर उरलेला इथे उचलता येतो. अडतं कुठे? एक, गावच्या दुकानदाराने सगळाच कोटा उचललेला दाखवलेला असतो. दोन, आधार जोडलेलं नसतं, आणि ते गाव सोडायच्या आधी झालेलं बरं. तीन, अंगठा. कोयत्याच्या मुठीने आणि पाचटाने बोटांच्या रेघा झिजतात, मशीन "जुळत नाही" म्हणतं, दुकानदार हात हलवून पुढच्याला बोलावतो. अशा वेळी कोमट पाण्याने हात धुऊन, कोरडे करून दुसरी बोटं लावून पाहायची. मधलं बोट पुष्कळदा चालतं. नाहीतर आधारला जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी मागायचा. तेही नाकारलं तर १४४४५ या रेशनच्या हेल्पलाइनवर दुकानासमोर उभं राहूनच फोन लावा.

पोरांच्या शाळेचं मी थोडक्यात लिहिते, कारण तू स्वतः शिक्षिका आहेस. दाखला नाही म्हणून सहा ते चौदा वयाच्या मुलाला परत पाठवता येत नाही, वर्षाच्या मध्यात आलं तरी नाही, आणि वर्ग वयाप्रमाणे द्यायचा. खरी अडचण कोपीपासून, म्हणजे टोळीच्या झोपडीपासून, शाळेच्या अंतराची आणि धाकट्या भावंडाला सांभाळायची असते. म्हणून आधी अंगणवाडीताईंना भेट. धाकटं तिथे बसलं की थोरली शाळेत जाते.

बायकांविषयी मात्र नीट वाच. २०१९ मध्ये शासनाच्या समितीपुढे बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी आली. त्यातल्या १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली होती. दुखण्याचं मूळ बघ: रानात संडास नाही, पाणी नाही, पहाटे तीन-चारला बाहेर पडायचं, पाळीत तेच कापड, मग जंतुसंसर्ग. त्यात पाळीच्या दिवसाचा खाडा लागतो. गावातला डॉक्टर "पुढे कॅन्सर होईल" असं घाबरवतो, आणि "एकदाची कटकट गेली" म्हणून बाई मान डोलावते. उचल वाढते ती त्या ऑपरेशनसाठी. चर्चने इथे दोन गोष्टी कराव्यात. आवाराच्या मागच्या भिंतीला दोन संडास आणि एक न्हाणी, आतून कडी, दिवा, हजार लिटरची टाकी. आणि फाटकाची किल्ली टोळीतल्याच बाईकडे, वॉचमनकडे नव्हे. पहाटे तीनला वॉचमनला उठवायला कोणी बाई जात नाही, आणि मग आपण म्हणतो "बांधून दिलं तरी वापरत नाहीत." दुसरं, आपल्या मंडळीतल्या नर्सबाईंनी पंधरवड्यातून एकदा सूर्य मावळल्यावर कोपीवर बसावं. दिवसा कोणी सापडत नाही. ऑपरेशनची चिठ्ठी कोणाच्या हातात दिसली, तर आधी सरकारी दवाखान्यात दुसरं मत घेऊ या, एवढंच म्हणायचं.

समितीत कोण असावं? प्रेषितांची कृत्ये, अध्याय सहा. रोजच्या वाटपात ग्रीक भाषा बोलणाऱ्यांच्या विधवांकडे दुर्लक्ष होतं अशी तक्रार आली, तेव्हा सात जण निवडले गेले. स्तेफन, फिलिप्प, प्रखर, नीकानोर... सातही नावं ग्रीक आहेत. ज्यांची तक्रार होती, वाटप त्यांच्याच हातात गेलं! तुझ्या यादीत मला दोन शिक्षक, एक निवृत्त बँकवाले आणि पाळकसाहेब दिसतात, कोयता धरलेला एकही हात नाही. मंडळीत दोन-तीन घरं तरी पूर्वी तोडीला जाणारी असतील. त्यांना घे.

आता अवघड भाग. मंडळीतलाच एखादा सभासद मुकादम असेल, ट्रॅक्टरवाला असेल, बागायतदार तर असेलच. कदाचित नवीन पंखे त्यानेच दिले असतील. वहीतला आणि त्याचा हिशेब जुळला नाही, तर मत्तयाच्या अठराव्या अध्यायाप्रमाणे जा: आधी एकट्याने, त्याच्या घरी, वही घेऊन. मग दोघातिघांनी. व्यासपीठावरून नाव घेऊन प्रार्थना करणं हा भित्रेपणा आहे, त्याला न्याय म्हणत नाहीत. मुकादमाचीही बाजू असते. तोही कारखान्याकडून किंवा सावकाराकडून पैसे उचलतो, आणि उचल घेऊन न येणारी माणसंही असतात. ती बाजू ऐकून घे, पण बेरीज बदलू नकोस.

बेरीज मान्यच होत नसेल, किंवा बाकी आहे म्हणून कुटुंबाला जाऊ देत नसतील, तर तो वेठबिगारीचा विषय होतो. १९७६ चा कायदा आहे, आणि किमान वेतनाच्या खाली करून घेतलेलं काम वेठबिगार ठरतं असं सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये दिल्लीच्या एशियाड स्पर्धेची बांधकामं करणाऱ्या मजुरांच्या खटल्यात सांगितलंय. अर्ज प्रांताधिकारी किंवा जिल्हाधिकाऱ्यांकडे: नावं, गाव, उचलीची तारीख आणि रक्कम, किती दिवस काम, किती कापलं, वहीची झेरॉक्स जोडायची, पोच घ्यायची. ऐकीव एक ओळसुद्धा नको. आणि कुटुंबाच्या होकाराशिवाय अर्ज अजिबात नाही. तुझी सही होते आणि तू घरी येऊन झोपतेस. त्यांची कोपी मात्र रातोरात दुसऱ्या तालुक्यात हलवली जाते. कोणाला डांबून ठेवलं असेल, तर मात्र अर्ज लिहीत बसू नकोस, ११२ लाव.

मदतीच्या रांगेत पत्रकं वाटायची नाहीत, उपासनेचं आमंत्रण द्यायचं नाही, फोटो काढायचे नाहीत. आपल्या नगर जिल्ह्यात मिशन १८३१ पासून आहे, आणि दुष्काळात धान्यासाठी बाटले हा टोमणाही तेवढाच जुना. सगळ्याच बाबतीत तो खोटा होता असं मी म्हणणार नाही. पंडिता रमाबाईंचं उदाहरण घ्यायचं तर पूर्ण घ्या. दुष्काळातल्या मुलींना त्यांनी केडगावला आसरा दिला हे सगळे सांगतात. १८९७ मध्ये पुण्याच्या प्लेगच्या इस्पितळात बायकांची हेळसांड होते हे त्यांनी मुंबईच्या ख्रिस्ती वृत्तपत्रात छापून आणलं आणि सरकारचा राग ओढवून घेतला, हे कोणी सांगत नाही.

पैशांचं: वेगळं खातेपुस्तक, दोन सह्या, महिन्याच्या पहिल्या रविवारी फलकावर जमाखर्च. पौलानेही वर्गणी एकट्याच्या हाती दिली नव्हती. तुझा अमेरिकेतला मामा देतो म्हणाला आहे. पण त्याने तिकडचं नागरिकत्व घेतलंय, त्यामुळे त्याचा पैसा परदेशी देणगी धरला जाईल आणि नोंदणी नसताना चर्चच्या खात्यात घेता येणार नाही. दुबईच्या दादाकडे अजून भारतीय पासपोर्ट आहे, त्याचं बँकेतून आलेलं चालेल.

वह्या बाजारातून घेऊ नकोस. शंभर पानी साठ वह्या इथल्या प्रेसमध्ये रकाने छापून घेतल्या आहेत, पुठ्ठा जाड आहे, खिशात मावतात. शनिवारच्या एसटीने पाठवते, स्टँडवर पार्सल घ्यायला कोणालातरी पाठव. पेन्सिली नको, पेनच दे.

तुझी,
आई