एनव्हीएमई बूटसाठी जुन्या बोर्डांना शेवटचं एक बायोस अपडेट द्याच

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि तेव्हापासून जिकडेतिकडे एकच सल्ला ऐकू येतोय, जुना पीसी काढून टाका. त्यात ज्यांना विंडोजऐवजी लिनक्स टाकून तोच पीसी अजून वापरायचाय त्यांची एक वेगळीच अडचण होते. नवीन एनव्हीएमई एसएसडी (नेहमीच्या एसएसडीपेक्षा वेगवान ड्राइव्ह) आणली, ॲडॉप्टर कार्डवर बसवून मदरबोर्डवरच्या पीसीआय एक्सप्रेस स्लॉटमध्ये लावली, सिस्टीम चालू झाल्यावर ड्राइव्ह व्यवस्थित दिसते, फाइल्स झटपट कॉपी होतात, पण तिच्यावरून बूट करायला, म्हणजे पीसी सुरू करायला गेलं तर बायोसच्या (पीसी चालू होताच सगळ्यात आधी चालणारं, बोर्डावरच्या चिपमधलं सॉफ्टवेअर) यादीत तिचं नावच नाही. मग ऐकायला मिळतं की बोर्डच जुना झालाय, बदला. हे मला अजिबात पटत नाही, कारण बोर्डात काहीच कमी नसतं, कमी असते ती बायोसमधली काही किलोबाइटची एक फाइल.

थोडं सविस्तर सांगतो. पीसी चालू केला की ऑपरेटिंग सिस्टीम यायच्या आधी बायोसला स्वतःलाच ड्राइव्ह वाचावी लागते आणि त्यासाठी त्याच्याकडे स्वतःचा ड्रायव्हर लागतो. साटा, म्हणजे जुन्या पद्धतीने जोडलेल्या ड्राइव्हची भाषा त्याला येते, एनव्हीएमईची भाषाच वेगळी आहे, तिचं पहिलं स्पेसिफिकेशन मार्च २०११ मध्ये आलं. इंटेलच्या ९ सिरीज चिपसेटच्या (२०१४) बऱ्याच बोर्डांना कंपन्यांनी अपडेटमधून हा सपोर्ट दिला, पण त्याच्या आधीच्या ६, ७, ८ सिरीजचे बहुतेक बोर्ड तसेच सोडून दिले. खरं तर त्यांच्यातल्याही बहुतेकांत यूईएफआय फर्मवेअरच आहे, म्हणजे नव्या पद्धतीचं, सुट्या सुट्या मॉड्यूल्सचं बनलेलं बायोस, आणि एनव्हीएमईचा ड्रायव्हर ईडीके २ या यूईएफआयच्या ओपन सोर्स प्रोजेक्टमध्ये सगळ्यांसाठी उपलब्ध आहे. जगभरातल्या हौशी लोकांनी यूईएफआयटूल किंवा एमएमटूल ही बायोस फाइल उघडून बदलायची सॉफ्टवेअर्स वापरून ते मॉड्यूल जुन्या बायोसमध्ये घातलं, आणि पीसी सरळ एनव्हीएमईवरून बूट व्हायला लागले. हे जर बाहेरच्या लोकांना जमतं तर ज्यांनी तो बोर्ड बनवला त्यांना का नाही जमलं?

कंपन्या म्हणतात की बाहेरचं बायोस चढवणं सुरक्षित नाही, म्हणून फाइलवरची कंपनीची डिजिटल सही तपासतो. सुरक्षिततेचा मुद्दा मी पूर्ण मान्य करतो, २०१८ मध्ये ईसेट कंपनीच्या संशोधकांना लोजॅक्स नावाचा मालवेअर सापडला होता तो थेट यूईएफआय फर्मवेअरमध्येच घर करून बसायचा, हार्ड डिस्क बदलली तरी जात नव्हता. पण मग उलट याच कारणासाठी कंपनीने स्वतः सही केलेलं एक शेवटचं अपडेट द्यायला हवं ना! तुम्ही देत नाही म्हणून लोक कोणाही अनोळखी माणसाने बनवलेली बायोस फाइल उतरवून चढवतात, धोका तर तिथेच आहे.

तोपर्यंत ज्यांना हे करायचंच आहे त्यांना कळकळीने सांगतो, दुसऱ्याची तयार फाइल घेऊ नका. आधी आपल्याच बोर्डावरच्या चिपमधलं बायोस जसंच्या तसं वाचून दोन ठिकाणी जपून ठेवा, कारण बऱ्याच बोर्डांचा सिरीयल नंबर, यूयूआयडी, नेटवर्कचा मॅक ॲड्रेस असे ओळख क्रमांक त्याच चिपमध्ये असतात आणि एकदा पुसले गेले की नस्ती डोकेदुखी. मॉड्यूल घातल्यावर फाइल परत उघडून बघा, बाकीची मॉड्यूल्स आणि पॅड फाइल्स (मधली रिकामी जागा भरणाऱ्या) जागच्या जागी आहेत का, जागा पुरत नसेल तर त्याच मॉड्यूलची लहान केलेली आवृत्ती मिळते ती वापरा पण जागा करायला भलतंच काही डिलीट करू नका. इंटेलचं बूट गार्ड, म्हणजे सुरू होतानाच बायोसची सही तपासणारी सोय, हॅसवेल प्रोसेसरपासून म्हणजे २०१३ पासून आलं, ज्या मशीनमध्ये कंपनीने ते कायमचं लॉक केलंय, लॅपटॉपमध्ये तर खासकरून, तिथे बदललेलं बायोस चढवून मशीन चालूच न होण्याची शक्यता असते, तिथे हात लावू नका. आणि सीएच३४१ए प्रोग्रामर (चिप बाहेरून वाचायचं-लिहायचं छोटं यंत्र) वापरणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा, त्याची काळी स्वस्तातली आवृत्ती ३.३ व्होल्टच्या चिपला डेटा लाइनवर ५ व्होल्ट देते, ते आधी दुरुस्त करून घ्या, १.८ व्होल्टच्या चिपला तर वेगळं ॲडॉप्टरच लागतं.

बायोस चढल्यावर सुद्धा लोक घाबरतात, कारण यादीत ड्राइव्हचं खरं नाव न येता बऱ्याचदा नुसतं 'पाटा' (जुन्या हार्ड डिस्कच्या जोडणीचं नाव) असं काहीतरी दिसतं. ते बरोबरच आहे. सीएसएम (जुन्या बायोससारखं चालवायची सोय) बंद करा, ड्राइव्हची विभागणी जीपीटी या नव्या पद्धतीची ठेवा, सिस्टीम यूईएफआय मोडमध्ये टाका, मग बूटला सिस्टीमची स्वतःची एंट्री येते, तीच निवडायची.

माझं स्वतःचं मत विचाराल तर नुसतं ब्राउझर आणि टायपिंगसाठी एवढा खटाटोप करू नये. साटा एसएसडी सेकंदाला साधारण ५५० एमबी देते, जुन्या बोर्डावर पीसीआय एक्सप्रेस २.० च्या चार लेनवर एनव्हीएमई दीड हजाराच्या पुढे जाते, पण हा फरक मोठ्या फाइल्सना कळतो, रोजच्या कामात फारसा नाही. आणि ज्यांना चिपला हातच लावायचा नाही त्यांनी क्लोव्हर बूटलोडर (ऑपरेटिंग सिस्टीम सुरू करून देणारा प्रोग्राम) पेनड्राइव्हवर टाकून त्यात एनव्हीएमई ड्रायव्हर ठेवावा, पीसी आधी पेनड्राइव्हवरून सुरू होतो आणि मग क्लोव्हर एसएसडीवरची सिस्टीम उचलतो. अगदी जुन्या, यूईएफआय नसलेल्या बोर्डांवरही हे चालतं, फक्त पेनड्राइव्ह कायम लावून ठेवावा लागतो.

कंपन्यांकडून मागणी दोनच गोष्टींची आहे. जुन्या यूईएफआय बोर्डांसाठी एनव्हीएमई मॉड्यूल घातलेलं, सही केलेलं अपडेट, आणि ते जमत नसेल तर सपोर्ट बंद करताना मालकाला सही तपासणी बंद करता येईल असा पर्याय सेटिंगमध्ये. आपल्या पेपरने हा विषय लावून धरावा ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक