ते हर्शेल निराळे

संपादक महोदय,

गेल्या रविवारच्या पुरवणीतला लंडनच्या टांकसाळीवरचा लेख मी दोनदा वाचला. सकाळी चहाबरोबर वाचताना काहीतरी खटकलं, म्हणून दुपारी पेढीवर भिंग लावून पुन्हा वाचला. १८५१ मध्ये जुन्या नाणेकारांना घरी बसवणाऱ्या हर्शेलसाहेबांनीच १८९३ मध्ये हिंदुस्थानच्या टांकसाळी लोकांच्या चांदीला बंद केल्या, असं त्यात छापलंय. ही माणसं दोन आहेत. टांकसाळीचे मास्टर, म्हणजे प्रमुख, झालेले सर जॉन हर्शेल खगोलशास्त्रज्ञ होते आणि १८७१ मध्येच वारले. १८९३ चा अहवाल लॉर्ड हर्शेल या कायदेपंडिताच्या समितीचा. इंग्रजीत दोघांच्या नावात एका अक्षराचा फरक आहे, मराठीत तोही दिसत नाही. म्हणजे चूक समजण्यासारखी आहे. पण त्या १८९३ चं आम्हा सराफांना भारी पडलं. तोवर कुणीही चांदी घेऊन मुंबईच्या टांकसाळीत जावं, शेकडा दोन कर भरावा आणि रुपये पाडून आणावेत. जूनमध्ये ते बंद झालं आणि दागिन्यातली चांदी नि खिशातला रुपया यांची सोयरीक तुटली.

दुसरी गोष्ट जास्त लागली. लेखकाने त्या जुन्या नाणेकारांना सरळ चोर ठरवलंय. मी बेचाळीस वर्षं शहापूरच्या सराफ गल्लीत कस लावतोय, त्यामुळे राहवत नाही.

वडिलांचा पेढीवर एक नियम होता. जो मुशीत सोनं आटवील, त्यानं कसोटीच्या दगडाला हात लावायचा नाही. लंडनमध्ये हा नियम शेकडो वर्षांपासून होता. पाडलेल्या नाण्यांतली काही पेटीत बाजूला ठेवायची आणि ती सोनारांच्या संघाचे पंच तपासायचे. हे पंच टांकसाळीचे नोकर नव्हते. नाणं हिणकस निघालं असतं तर ते तिथेच सापडलं असतं. तेव्हा खोट नाण्यात नव्हती, मजुरीच्या पद्धतीत होती. त्या नाणेकारांचा जुना संघ होता, उमेदवारी करून आत शिरायचं आणि काम मक्त्यावर. पाडलेल्या धातूच्या वजनावर पैसे मिळायचे, त्यातून हाताखालच्यांची मजुरी भागवायची, उरेल ते आपसात वाटून घ्यायचं. १८१६-१७ ला सगळं चलन नव्यानं पाडलं तेव्हा त्यांची चांगलीच चांदी झाली. काम नसेल तेव्हा हात चोळत बसायचं. आमच्याकडचे कारागीरही तोळ्यावर मजुरी घ्यायचे. लग्नसराईत रात्र रात्र फुंकणी चालायची आणि आषाढात तेच लोक उसने मागायला यायचे. त्यांना चोर म्हणायचं? चोरी करायची तर कानशीच्या भुकटीत करता येते, आणि ती भुकटीसुद्धा झारेकरी वर्षाला झाडून, धुऊन हिशेबाने नेत होते.

वर बसलेला मास्टर कोण, हेही बघा. ग्लॅडस्टन १८४१ ते १८४५ या पदावर होता, राजकारणी माणूस. मक्तेदारांना हुकूम कुणी करायचा, हाच घोळ होता. १८४८ मध्ये आयोग नेमला, पुढच्या वर्षी अहवाल आला, आणि १८५१ मध्ये नाणेकारांचा मक्ता संपवून काम पगारी नोकरांकडे दिलं. हर्शेल स्वतः कारभार बघायला लागले. सगळंच सरकारी केलं असंही नाही. धातूच्या शुद्धीकरणाचं काम १८५२ मध्ये रॉथशील्ड या सावकार घराण्याला भाड्यानं दिलं. या कारभारानं हर्शेलांची तब्येत पार खालावली आणि १८५५ मध्ये त्यांनी पद सोडलं. लेखात यातलं काहीच नाही.

आमच्या शहापुरातही सांगलीकर पटवर्धनांच्या अमलात टांकसाळ होती, आणि शहापुरी रुपया दूरवर चालायचा. माझ्या गल्ल्यात एक आहे. साचा मोठा, चकती लहान, त्यामुळे फारसी अक्षरं अर्धीमुर्धीच उमटलेली, आणि कडेला जुन्या सराफांनी मारलेल्या तीन बारीक खुणा. प्रत्येक पेठेचा रुपया वेगळा, म्हणून प्रत्येकाचा बट्टा (रुपया बदलून देताना सराफ कापायचा ती रक्कम) वेगळा. आमच्या घराण्याचं पोट त्या बट्ट्यावर चालायचं, हे लपवण्यात अर्थ नाही. १८३५ च्या कायद्यानं कंपनी सरकारचा एकच रुपया आला, नेमका एक तोळा. बारा माशांत अकरा मासे चांदी, एक मासा हीण. त्यानंतर बट्टा नावाला लागतो तेवढाच राहिला.

तो कंपनीचा रुपयाही जवळ आहे. वडील वजन म्हणून वापरायचे. काल काट्यावर ठेवला, ११.५८ ग्रॅम भरला. जवळपास एक दशांश ग्रॅम झिजलाय, एवढ्या वर्षांत.

दुरुस्ती छापाल तेव्हा शहापुरी रुपयाचीही एक ओळ टाका. फोटो हवा असेल तर पेढीवर माणूस पाठवा, मात्र दुपारी दोन ते चार नको, तेव्हा मी झोपतो.

आपला,
सराफ गल्लीतला एक पारखी,
शहापूर, बेळगाव