‘म्हणे’ व्यर्थ कसा?

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

मुलगी एमपीएससीचा अभ्यास करतेय, तिच्या व्याकरणाच्या पुस्तकात केवलप्रयोगी अव्ययं, म्हणजे अरेरे, शाबास असे उद्गाराचे शब्द, चाळत होते तर ‘म्हणे’, ‘आपला’, ‘बापडा’ ह्यांना ‘व्यर्थ उद्गारवाची’ म्हटलंय आणि ‘बरं का’, ‘जळलं मेलं’ ही नुसती पादपूरणार्थक, म्हणजे वाक्यात जागा भरायला आलेली. मला हे अजिबात पटलेलं नाही.

आमच्या ठाण्यात सोसायटीच्या ग्रुपवर ‘उद्या पाणी येणार नाही’ असा मेसेज पडला की लोक रात्रीच पिंपं भरतात. तोच ‘उद्या पाणी येणार नाही म्हणे’ असा आला तर आधी सेक्रेटरीला फोन जातो, खरं का हो म्हणून, कारण त्या ‘म्हणे’त टाकणाऱ्याने सांगून टाकलेलं असतं की मी फक्त ऐकलंय, खात्री तुम्ही करा. हा शब्द व्यर्थ कसा काय? मीटिंगमध्ये भांडण झालं आणि घरी येऊन मी म्हटलं ‘मी आपली गप्प बसले’, तर कुणाचीच बाजू घेतली नाही, उगाच कशाला मध्ये पडा, हे सगळं त्या ‘आपली’त आलं, ते काढा बरं आणि वाक्य वाचून बघा.

स्टेशनवर लोकल लेट असली की ‘येईल ना?’ विचारणाऱ्याला हो ऐकायचं असतं, ‘येईल हो’ म्हणणारा धीर देतो आणि ‘येईलच’ म्हणणारा बहुतेक इंडिकेटर बघून आलेला असतो. क्रियापद तेच आहे, काळही तोच.

2020 च्या कायद्याने सगळ्या बोर्डांच्या शाळांत मराठी सक्तीची झाली ते उत्तमच झालं, पण शिकवतात काय? आमच्या खालच्या मजल्यावरचा अमराठी मुलगा छान मराठी वाचतो, गॅलरीत बॉल आला की ‘काकू, बॉल द्या’ म्हणतो, कधी ‘कृपया बॉल द्या’. पहिलं ऑर्डर सोडल्यासारखं वाटतं आणि दुसरं सरकारी पाटीसारखं, बिचारा मनाने अगदी नम्र आहे हो. ‘काकू, जरा बॉल द्या ना’ हे त्याला कुठल्याच धड्यात भेटलेलं नाही, आमच्या इंग्लिश मीडियमच्या मुलांचंही हळूहळू हेच होतंय.

माझी एवढीच विनंती आहे की व्याकरणाची पुस्तकं लिहिणाऱ्यांनी पुढच्या आवृत्तीत तो ‘व्यर्थ’ शब्द काढावा, आणि पहिली-दुसरीपासून ‘जरा’, ‘ना’, ‘की’, ‘म्हणे’ असलेले संवाद मुलांकडून मोठ्याने म्हणून घ्यावेत, कारण ह्यातलं निम्मं काम सूर करतो आणि तो छापता येत नाही.

आपली,
एक वाचक, घोडबंदर रोड, ठाणे