तात्पर्याआधी कथा वाचू द्या

महोदय,

शाळेत कथा शिकवताना पहिल्याच तासाला तिचे तात्पर्य फळ्यावर लिहून देण्याची पद्धत अजूनही सर्रास दिसते. त्यामुळे मुलांच्या हाती उत्तर पडते, पण कथा वाचायची राहूनच जाते. साहित्याचे विश्लेषण शिकवायचे असेल, तर डब्ल्यू. डब्ल्यू. जेकब्स यांच्या १९०२ सालच्या ‘द मंकीज पॉ’सारखी उत्कंठावर्धक कथा घ्यावी आणि शेवट न सांगता ती टप्प्याटप्प्याने वाचावी, असे इंग्रजीची शिक्षिका म्हणून मी आग्रहाने सुचवते.

तीन इच्छा पुरवणारा माकडाचा वाळलेला पंजा, त्याच्याकडे मागितलेले दोनशे पौंड आणि यंत्रात सापडून मेलेल्या मुलाची भरपाई म्हणून कारखान्याकडून आलेले नेमके तेवढेच पैसे, हे कथानक मुले चटकन सांगतात. खरे काम त्यापुढे सुरू होते. आरंभीच्या बुद्धिबळाच्या डावात वडील आपला राजा विनाकारण धोक्यात घालतात. पैसे काही दिसत नाहीत आणि मला ते कधी दिसणारही नाहीत, असे मुलगा हर्बर्ट थट्टेने म्हणतो. पहिल्या वाचनात निसटलेल्या या जागा दुसऱ्या वाचनात मुले स्वतः हुडकून काढतात, तेव्हा पूर्वसूचनेची व्याख्या वेगळी पाठ करून घ्यावी लागत नाही.

शेवटच्या प्रसंगाला मात्र एक पूर्ण तास द्यावा. मेलेला मुलगा पुन्हा जिवंत व्हावा, ही दुसरी इच्छा आईच्या हट्टाने मागून झाली आहे. आता दारावर थापा पडत आहेत, वरच्या कडीला हात पोहोचावा म्हणून आई खुर्ची ओढत आहे आणि वडील जमिनीवर रांगत पंजा चाचपडत आहेत. त्यांनी तिसरी इच्छा कोणती मागितली हे लेखक सांगत नाही, दाराबाहेर कोण होते तेही दाखवत नाही. हर्बर्ट खरोखरच आला होता की सारा योगायोग होता, यावर वर्गात दोन तट पडतात आणि ते पडू द्यावेत; अट एकच, की प्रत्येकाने आपल्या म्हणण्याला कथेतील ओळ दाखवावी. हा पंजा भारतातल्या एका फकिराने मंतरलेला आहे. इंग्रज लेखकाला भीती निर्माण करण्यासाठी आपलाच देश का आठवला, हेही आपल्या मुलांनी विचारायला हवे.

अशा चर्चेला वेळ लागतो आणि अभ्यासक्रम तर संपवायचा असतो, ही शिक्षकांची अडचण खरी आहे. म्हणूनच घटक चाचणीत निदान एक प्रश्न असा असावा, ज्याचे ठरावीक उत्तर नसेल आणि ज्याचे गुण कथेतून दिलेल्या आधारावरच मिळतील.

— एक शिक्षिका, सातारा